माळ, दावण आणि वावर

चिपळूण प्रांतात पावसाळ्यासाठी मुक्कामाला राहिलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेल्या पत्राचा उल्लेख शाळेच्या पुस्तकापासून सभेच्या व्यासपीठापर्यंत सगळीकडे होतो. रयतेला तोशीस लागू देऊ नका, ही त्यातली ताकीद सर्वांना माहीत असते. त्या पत्रातला मोठा मजकूर वैरणीबद्दल आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. साठवलेले गवत आणि दाणा आत्ताच मन मानेल तसा वापरला तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग शिपाई कुणब्याच्या घराकडे वळतील, असा तो सरळ हिशेब आहे. गंजीला आग लागू नये म्हणून दिव्याच्या वातीपर्यंतची काळजी त्यात घेतली आहे. चारा संपला की त्याचा भार दुबळ्या माणसावर पडतो, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्यकर्त्याला कळत होते. चारा छावण्या आणि टँकर यांच्या बातम्या वाचताना ते आजही आठवावे, अशी परिस्थिती आहे.

हे पुस्तक त्याच हिशेबाबद्दल आहे. घोड्यांच्या जागी गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्या आहेत आणि सरकारी कोठाराच्या जागी दख्खनच्या पठारावरचे माळ आणि वावर. सह्याद्री ओलांडला की पाऊस किती वेगाने उतरतो, ते एकट्या सातारा जिल्ह्यात दिसते. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर येतो. या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात दोन तऱ्हांच्या जमिनी एकमेकींना लागून आहेत. सखल भागात काळी, खोल, ओल धरणारी जमीन, जिच्यावर रब्बीची ज्वारी उभी राहते. चढावर मुरमाड माळ, जिथे वीतभर मातीखाली खडक लागतो आणि गवताखेरीज काही धड येत नाही. माळावरचे गवत जनावराच्या पोटातून शेणाच्या रूपाने वावरात उतरते. वावरातला कडबा पुन्हा दावणीला येतो. या फेऱ्यात जिथे खंड पडतो तिथे आधी माती उघडी पडते, मग जनावर खंगते आणि शेवटी माणूस गाव सोडतो.

पशुपालनावरची इंग्रजीतली बहुतेक पुस्तके अमेरिकेतल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या रँचसाठी लिहिलेली असतात. तिथे हजारो एकरांना कुंपण एकाचे, गुरे त्याचीच, गवताचा आणि पिकाचा निर्णयही त्याचाच. आपल्याकडे माळ सरकारचा, गावाचा किंवा वनखात्याचा, मेंढरे धनगराची, वावर कुणब्याचे, आणि बांधावरची बाभूळ कुणाची, यावर दोन पिढ्यांचे भांडण. वर्षभरात एका गायीच्या पोटात चार-पाच जणांच्या मालकीचा चारा जातो. त्यामुळे इथे कुरणाच्या व्यवस्थापनाचा निम्मा भाग वाटाघाटींचा असतो. गवताचे शास्त्र कितीही पक्के असले तरी माळावर कोणाची गुरे केव्हा चरणार, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याचे उत्तर त्या शास्त्रात मिळत नाही. या विषयात नव्याने येणाऱ्याने ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवली तर पुढच्या पानांतले बरेच वाद समजायला सोपे जातील.

थोडे आकडे पाहू. जनावराला रोज त्याच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा लागतो, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. चारशे किलोच्या गायीला दिवसाला दहा किलो धरले तर वर्षाला साडेतीन टनांच्या वर. ओरबाडलेल्या माळावर हेक्टरी टनभर वाळले गवत मिळणेही मुश्कील. त्यातले निम्मे मुळांसाठी, बियांसाठी आणि माती झाकण्यासाठी सोडायचे म्हटले, तर एका गायीला सात-आठ हेक्टर माळ लागेल. कोरडवाहू शेतकऱ्याकडे असते दोन हेक्टर, तेही वावर. म्हणून इथे कुरण आणि पीक यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. ज्वारीचा कडबा, तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट, भुईमुगाचा पाला, बाजरीचे सरमाड हा इथल्या पशुपालनाचा खरा कणा आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे ३.३ कोटी पशुधन मोजले गेले. त्यात शेळ्या १ कोटी ६ लाखांच्या आसपास आणि मेंढ्या सुमारे २७ लाख. एवढी तोंडे नुसत्या माळावर जगत नाहीत आणि नुसत्या गोठ्यातही जगत नाहीत.

भारतातल्या गवताळ प्रदेशांची पहिली व्यवस्थित मांडणी दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. देशभराच्या पाहणीवरून त्यांनी गवतांचे पाच मोठे गट पाडले. आपले पठार त्यातल्या शेडा-मारवेल गटात येते. चांगल्या माळावर शेडा, पवना, मारवेल, डोंगरी अशी गवते असतात. चराईचा ताण वाढत गेला की गुरे आवडीची गवते आधी संपवतात आणि कुसळी वाढते. कुसळीचे कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसते, कधी डोळ्यात जाते. पुढचा टप्पा वर्षभर जगणाऱ्या गवतांच्या जागी पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या हलक्या गवतांचा आणि त्यानंतरचा उघड्या मुरमाचा. माळावरून चालताना पायाखाली काय आहे ते ओळखता आले की त्या गावाचा गेल्या तीस वर्षांचा कारभार वाचता येतो. जाणता मेंढपाळ हे कुठलाही ग्रंथ न उघडता करतो.

गवताइतकेच महत्त्व वेळेला आहे. फुलोऱ्यावर आलेल्या गवतात प्रथिने बऱ्यापैकी असतात. दिवाळीनंतर ते वाळून पिवळे पडते तेव्हा ती दोन-तीन टक्क्यांवर येतात. चाऱ्यातली प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की जनावराच्या पोटातले, चारा पचवणारे सूक्ष्मजीवच उपाशी पडतात. मग गाय पोटभर खाऊनही वाळत जाते. यावर प्रत्येक कृषी मेळाव्यात दिला जाणारा सल्ला असा: गवत फुलोऱ्यात असताना कापा. सल्ला बरोबर आहे. पण सप्टेंबरमध्ये घरातला प्रत्येक हात मूग-उडीद काढण्यात, बाजरी खुडण्यात आणि रब्बीच्या पेरणीत अडकलेला असतो, मजुरी चढलेली असते, आणि कापलेले गवत वाळवायचे म्हटले तर परतीचा पाऊस डोक्यावर. शेतकरी गवत उशिरा कापतो ते अडाणीपणाने नव्हे. कृषिविस्ताराच्या पत्रकांमध्ये ही अडचण क्वचितच दिसते. या पुस्तकात ती दिसते, एवढ्यावरूनही माझे मत त्याच्याविषयी चांगले झाले.

जुन्या काळी या अडचणींवर काही तोडगे होते. फलटण, माण, खटाव, खंडाळा, इंदापूर या भागांतले धनगर दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन निघत, घाट उतरून कोकणात जात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माळावर परतत. भातकापणी झालेल्या शेतात रात्री वाघर लावून मेंढरे बसवायची, शेतकऱ्याने त्याबद्दल धान्य किंवा पैसे द्यायचे. आजही हे चालते, पूर्वीपेक्षा कमी. खताच्या दृष्टीने ही रीत फार हुशारीची आहे. मूत्रातले नत्र गोठ्यात किंवा उकिरड्यात अमोनिया होऊन उडून जाते. शेतात बसलेल्या मेंढीचे मूत्र तिथेच जमिनीत मुरते आणि लेंड्या खुरांनी मातीत दाबल्या जातात. वाहतूक शून्य. शिवाय पावसाळ्यातले चार महिने कोकणातल्या चिखलातून आणि पायाच्या रोगांतून कळप सुटतो, आणि त्याच काळात त्याच्या माळावर गवत असते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांच्या पर्यावरणाचा केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्या दैवतकथांमधून धनगर आणि शेतकरी यांचे जुने नाते उलगडले. त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा, इंग्रजी भाषांतर १९८९ चे. दोन्ही अभ्यासांचे मार्ग वेगळे होते. पण वावर आणि धनगरांचा वाडा एकमेकांवर टेकून उभे आहेत, हे दोन्हींत दिसले. त्या व्यवस्थेला रम्य ठरवण्याचे कारण नाही. उभ्या पिकात घुसलेल्या मेंढरांवरून डोकी फुटत आली आहेत, आणि धान्याच्या बोलीत फसवणूकही होत आली आहे. पण ती व्यवस्था होती, तिला नियम होते आणि ते मोडणाऱ्याला पुढच्या वर्षी त्याच गावातून जावे लागत असे.

इंग्रजी अमलात तिला दोन बाजूंनी धक्का बसला. सर्व्हे झाला, तेव्हा ज्या जमिनीवर नांगर चालत नाही आणि जिचा सारा येत नाही ती पडीक ठरली. १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगर आणि गायराने जंगल खात्याच्या हद्दीत जाऊ लागली. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या गिळंकृत झालेल्या गायरानांबद्दलचा संताप आहे. त्याच पुस्तकात डोंगरउतारावरचा पालापाचोळा, शेण आणि गाळ शेतात मुरावा म्हणून बांध घालावेत, चांगल्या जातीची मेंढरे आणून पैदास वाढवावी म्हणजे लोकरीबरोबर खतही मिळेल, अशा सूचना आहेत. फुले सामाजिक क्रांतिकारक म्हणून वाचले जातात, आणि ते योग्यच आहे. माळ, जनावर आणि वावर यांना एका सूत्रात बांधून लिहिणारा पहिला आधुनिक मराठी लेखक म्हणूनही त्यांना वाचायला हवे. कृषी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात 'असूड' असायला काय हरकत आहे, हे मला कधीच कळले नाही.

त्यानंतर कोरडवाहू शेतीचे संशोधन मांजरी आणि सोलापूर इथे उभे राहिले. सोलापूरचे केंद्र १९३३ चे. संशोधक कानिटकरांनी बांधबंदिस्ती, अधूनमधून खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी यांची जी पद्धत मांडली ती मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धत म्हणून ओळखली गेली. तिच्यात शेणखत गृहीत होते. ते कुठून येणार, त्यासाठी जनावरे किती लागणार आणि ती चरणार कुठे, हा विषय दुसऱ्या खात्याचा झाला. ही फाळणी अजून मिटलेली नाही. पिके कृषी खात्याकडे, जनावरे पशुसंवर्धनाकडे, माळ महसूल किंवा वन खात्याकडे, बंधारे जलसंधारणाकडे. गाईला या खात्यांचा पत्ता नसतो.

जगात याच काळात चराईचे शास्त्र आकार घेत होते. त्याचे चार-पाच मोठे प्रवाह सांगता येतील. अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये वनस्पतींच्या अनुक्रमणाचा सिद्धांत मांडला. प्रत्येक प्रदेशाची एक अंतिम, स्थिर वनस्पतिस्थिती असते, चराईमुळे जमीन तिच्यापासून मागे ढकलली जाते आणि जनावरे कमी केली की पुन्हा पुढे सरकते, असा त्याचा आशय. आर्थर सॅम्पसन आणि त्यांच्या नंतरच्यांनी यावरून 'धारणक्षमता' काढली: अमुक एकरांत तमुक गुरे. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांवर धुळीची वादळे उठली, १९३४ मध्ये सरकारी जमिनींवरच्या चराईसाठी टेलर कायदा झाला, आणि धारणक्षमता ही कल्पना सरकारी कारभाराचा पाया बनली. आपल्या वन खात्याच्या आराखड्यांत आजही तिचीच छाया आहे.

दुसरा प्रवाह फ्रान्सचा. आंद्रे व्हॉइझॅं हे शास्त्रज्ञ आणि शेतकरी दोन्ही. गायी चरताना बघत बसणे हा त्यांच्या संशोधनाचा भाग होता. १९५० च्या दशकात त्यांनी सांगितले की किती जनावरे चरतात यापेक्षा ती किती वेळ चरतात आणि नंतर गवताला किती विश्रांती मिळते, हे निर्णायक आहे. चरलेले गवत मुळांतल्या साठ्यावर पुन्हा फुटते. त्या कोवळ्या फुटव्याला दुसऱ्यांदा तोंड लागले की साठा रिता होतो, मुळे आखडतात, आणि असे तीन-चारदा झाले की ठोंब मरतो. एक गाय महिनाभर एकाच जागी ठेवली तर ती हे नुकसान करते. शंभर गायी एक दिवस ठेवून महिनाभर हलवल्या तर होत नाही. माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत उपयोगी कल्पना हीच आहे. दख्खनच्या बाबतीत तिला एक दुरुस्ती लागते. नॉर्मंडीत गवत वर्षातले बरेच महिने वाढत असते. इथे वाढीचे दिवस जून ते सप्टेंबर, तेही पावसाच्या लहरीवर. म्हणून इथली खरी विश्रांती म्हणजे पहिल्या पावसानंतरचे काही आठवडे माळ मोकळा ठेवणे. नेमके तेव्हाच जुनी वैरण संपलेली असते आणि भुकेली गुरे हिरव्या कोंबांकडे धाव घेतात. त्या आठवड्यांसाठी घरात वैरण शिल्लक ठेवणे, हीच इथल्या कुरण सुधारणेची पहिली पायरी आहे.

तिसरा प्रवाह ऱ्होडेशियातल्या ॲलन सेव्हरींचा. दाट कळप, थोडा वेळ, सतत हालचाल. पूर्वी हिंस्र श्वापदांच्या धाकाने रानटी कळप जसे हलत तसे पाळीव कळप हलवले तर वाळवंटेही हिरवी होतील, असा त्यांचा दावा. २०१३ च्या त्यांच्या भाषणाने तो जगभर गेला. २००८ मध्ये ब्रिस्क आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन फिरत्या चराईचा विशेष फायदा दिसत नाही असे म्हटले होते. समर्थकांचे उत्तर असे की प्रयोगात वेळापत्रक ठरलेले असते, शेतकरी मात्र गवत बघून निर्णय बदलतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. वाळवंट उलटवण्याची भाषा मला पटत नाही. पण नजर ठेवून कळप हलवणारा माणूस आणि कॅलेंडर बघून हलवणारा माणूस यांच्यात फरक पडतो, हे नाकारणे कठीण आहे.

चौथा प्रवाह आपल्या सर्वांत जवळचा आहे. एलिस आणि स्विफ्ट यांनी १९८८ मध्ये उत्तर केनियातल्या तुर्कानांच्या प्रदेशाबद्दल लिहिले की जिथे पाऊस वर्षागणिक एवढा बदलतो तिथे स्थिर धारणक्षमता नावाची गोष्टच नसते. जनावरांची संख्या दुष्काळ ठरवतो, आणि जगण्याचा मार्ग म्हणजे पाऊस पडला तिथे जाणे. पुढच्याच वर्षी वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेअर यांनी दाखवले की काही माळ एकदा एका अवस्थेतून दुसरीत गेले की नुसती चराई थांबवून परत येत नाहीत. वेडी बाभूळ आणि घाणेरी यांनी व्यापलेल्या गायरानात उभे राहिले की याचा अर्थ कळतो: कुंपण घालून दहा वर्षे थांबा, मारवेल येणार नाही. कच्छच्या बन्नीतही वेड्या बाभळीने हेच केले.

मालकीचा प्रश्न गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या निबंधाने प्रसिद्ध केला. सगळ्यांचे कुरण म्हणजे कुणाचेच नाही, प्रत्येक जण एक जनावर वाढवतो आणि कुरण संपते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या पुस्तकात जगभरची उदाहरणे देऊन दाखवले की सामायिक साधने लोक नियम करून शतकानुशतके टिकवतात. हार्डिनचे वर्णन लागू पडते ते नियम नसलेल्या जागेला. २००९ मध्ये ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या गायरानांची शोकांतिका हार्डिनची की ऑस्ट्रमच्या उलट दिशेची, म्हणजे नियम करणाऱ्यांच्या हातून अधिकारच काढून घेतल्याची, याची चर्चा पुढे आहे. मी स्वतः दुसऱ्या बाजूचा आहे.

महाराष्ट्रातले प्रवाह याहून वेगळे दिसतात. १९७२ च्या दुष्काळानंतर पाणलोट विकासाची जी चळवळ उभी राहिली तिने चराईबंदीला व्रताचे स्थान दिले. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही तिची ठळक नावे. कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान यांच्या जोडीला चराईबंदी आली. गवत कापून आणायचे, गुरे गोठ्यात. डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले, दूध वाढले. हे यश खरे आहे आणि त्याची थट्टा करणाऱ्यांनी एकदा हिवरे बाजारचा डोंगर पाहावा. किंमतही खरी आहे. ज्याच्याकडे बागाईत आहे त्याला गोठ्यातली गाय परवडते. ज्या भूमिहीन बाईकडे चार शेळ्या आहेत तिला त्या विकाव्या लागतात, आणि कळप घेऊन येणाऱ्या धनगराला गावाची शीव बंद होते. शिवाय काही वर्षांनी पूर्ण बंदीतल्या माळावर जुने वाळके गवत साचून नवा फुटवा दबतो आणि वणव्याचा धोका वाढतो. सुरुवातीची काही वर्षे बंदी आणि नंतर नियमाने चराई, हा मधला रस्ता बहुतेक गावांत कागदावरही येत नाही, कारण बंदी सांगायला सोपी असते आणि नियम पाळून घ्यायला रोज भांडावे लागते.

दुसरा प्रवाह गोठ्याचा. संकरित गाय, मुक्त गोठा, मक्याचा मुरघास, नेपियर, लसूणघास. पश्चिम महाराष्ट्राच्या दुधाचे अर्थकारण यावर चालते. त्याचे पाणी किती, हा प्रश्न त्या गोठ्यात कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात उसाचे वाढे हा स्वस्त चारा. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे जनावराच्या अंगातला चुना कमी पडतो, म्हणून जाणते लोक चुन्याची निवळी देतात. असे व्यवहारी ज्ञान या प्रवाहात भरपूर आहे. गोठ्याच्या पलीकडची जमीन मात्र त्याच्या नजरेत नाही.

तिसरा प्रवाह माळाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा: पक्षीनिरीक्षक, लांडग्यांचे अभ्यासक, दख्खनी मेंढी आणि खिल्लार गाय टिकावी म्हणून झटणारे पशुवैद्य. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ चे. कागदावर त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते, म्हणजे त्यात गावेच्या गावे होती. लोकांचा रोष झाला, पुढे क्षेत्र खूपच कमी केले गेले, आणि माळढोक दिसेनासा होत गेला. माळाला माणसाशिवाय राखता येईल ही समजूत तिथे फसली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढीत जुळी कोकरे देणारे जनुक आणून सुवर्णा मेंढी तयार केली. तिच्यामुळे एक वेगळा विचार पुढे आला: माळ वाढत नाही, तर तेवढ्याच मेंढ्यांतून जास्त मिळवावे.

हे सगळे आत्ताच का वाचायचे? संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे, हे निमित्त आहेच. खरी कारणे जवळची आहेत. गायराने झपाट्याने दुसऱ्या कामांना जात आहेत: घरकुले, अतिक्रमणे, सौरऊर्जेची शेते. शासनाला ती मोकळी जागा वाटते. सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवावीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०११ मध्ये आला. तरी हटवल्यानंतर तिथे काय पिकवायचे, याचे उत्तर कोणत्याही निकालात नसते. वनीकरणाच्या नावाखाली माळावर चर खोदून गिरिपुष्प लावले जाते आणि असलेले गवतही जाते; पडीक समजून झाडे लावण्याची ही सवय इंग्रजांच्या सर्व्हेपासून चालत आलेली. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य आहे, पण किती ग्रामसभांना ते कलम ठाऊक आहे?

वावरातही बदल झाला आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली तेव्हा दाण्याचे उत्पन्न वाढले, ताट मात्र बुटके झाले. शास्त्रज्ञ दाणा मोजत होते, शेतकरी दाणा आणि कडबा दोन्ही. मोहोळच्या मालदांडीने रब्बीत अजून जागा धरून ठेवली आहे त्यामागे भाकरीच्या चवीइतकाच तिचा कडबा आहे. आता ज्वारीचीच जागा सोयाबीन आणि ऊस घेत चालले आहेत. कडब्याची पेंढी महाग झाली, बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला आणि शेणखत ट्रॉलीने विकत घेण्याची वस्तू झाली. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या दुरुस्तीनंतर म्हातारा बैल विकण्याची वाट बंद झाली, त्याची वैरण कोणी द्यायची हे कायद्याने सांगितले नाही. जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटतो आहे असे प्रत्येक माती परीक्षणाच्या कागदावर छापून येते. तो वाढवणारे जनावर गावातून कमी होते आहे, हे त्या कागदावर नसते.

या पुस्तकाने स्वतःसमोर ठेवलेले काम मर्यादित आहे आणि म्हणून मला ते विश्वासार्ह वाटते. आदर्श गावाचा आराखडा इथे नाही. चराई चांगली की वाईट, असा निवाडाही नाही. माळ, दावण आणि वावर यांचा एकत्र ताळेबंद कसा मांडायचा, तो एका कुटुंबापुरता, एका गावापुरता आणि एका हंगामी वाटेपुरता कसा वेगवेगळा होतो, हे दाखवण्याचा प्रयत्न आहे. लेखकांत कुरणशास्त्राचे अभ्यासक आहेत, शेतकरी आहेत, आणि मेंढपाळांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत टिपलेले आहे. या सगळ्यांचे एकमेकांशी पटत नाही. संपादकांनी मतभेद घासूनपुसून गुळगुळीत केले नाहीत, हे फार बरे केले. एक जण शेळीला माळाचा शत्रू म्हणतो, दुसरी म्हणते की वेड्या बाभळीच्या शेंगा आणि झुडपांचा पाला खाऊन जगणारे तेवढे एकच जनावर गरिबाकडे उरले आहे. वाचकाने दोन्ही वाचावे आणि आपल्या शिवारात जाऊन बघावे.

काही ठिकाणी माझे समाधान झाले नाही. विदर्भातली गवळाऊ गाय आणि तिथली गवताळ राने, मराठवाड्यातली देवणी आणि लाल कंधारी यांच्याबद्दल फार थोडे आहे. पुस्तकाचा कल पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्याकडे आहे. त्याहून मोठी उणीव श्रमाच्या हिशेबाची. चराईबंदीच्या गावात गवत कापून, बांधून, डोक्यावरून आणते ती बहुतेक करून बाई. गुरे गोठ्यात आली की शेण, पाणी, कुट्टी ही कामेही तिच्याकडे येतात. गवत किती टन निघाले, दूध किती लिटर वाढले, याचे तक्ते इथे आहेत. त्यासाठी कुणाचे किती तास गेले, याचा एकही नाही. संपादकांशी मी याबद्दल बोललो. माहिती कुणी गोळाच केलेली नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढच्या आवृत्तीसाठी ती गोळा करायचे त्यांनी कबूल केले आहे, आणि त्या तक्त्याचे रकाने कसे आखायचे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.